बाईंचा राजा

गोष्ट सुरू करायच्या आधी बाई पदराच्या टोकाने टेबल पुसायच्या. ते स्वच्छ असलं तरी पुसायच्या. मग उजवा पंजा टेबलावर पालथा ठेवून म्हणायच्या, "हात टेबलावर." सगळ्यांचे हात आले की पुढचं वाक्य यायचं. "इथे बसलेल्याबद्दल पाठीमागे बोलणार नाही." मुलं ते म्हणायची. कुणी नीट, कुणी अर्धवट, एखादा नुसतेच ओठ हलवायचा. तो नीट म्हणेपर्यंत बाई त्याच्याकडे बघत राहायच्या आणि गोष्टीतला राजा तोवर थांबून राहायचा.

मला मराठीत लिहायची फारशी सवय नाही. जे लिहिते ते युनिव्हर्सिटीत, इंग्रजीत, तळटिपा देऊन. बाईंबद्दलही आधी इंग्रजीत लिहून पाहिलं, पण ते कुणा दुसऱ्याच बाईंबद्दल लिहिल्यासारखं वाटायला लागलं. बाईंनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तरी माझ्याशी त्या एक वाक्यही इंग्रजीत बोलल्या नाहीत. म्हणून हे असं, जमेल तसं लिहिते आहे.

इथे परदेशात, माउंट रॉस्किल या उपनगरात, आमच्या रस्त्यावर, आमच्यापासून थोड्या पुढच्या घरात, बाई आपल्या मुलाकडे राहायच्या. त्याआधी तासगावच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मग मुलाने इकडे आणलं. मुलगा आणि सून दोघं कॉम्प्युटरमधले, संध्याकाळी उशिरा यायचे. रस्त्यावरचे बाकीचे आईबापही तसेच. त्यामुळे शाळा सुटली की मुलं बाईंच्या गॅरेजमध्ये जमायची. सुरुवातीला एकदोघांनी त्यांना आजी म्हणून हाक मारली. बाई म्हणाल्या, "आजी मी माझ्या नातवंडांची. तुमची मी बाई." तेव्हापासून सगळ्या रस्त्याच्या त्या बाई झाल्या.

आम्ही कराडहून इथे आलो तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. तेव्हापासून मी त्या गॅरेजमध्ये जात होते. मोठी झाले, कॉलेजात गेले, तरी जात राहिले. मटार सोलायचा, मुलांचे डबे उघडून द्यायचे आणि गोष्ट ऐकायची.

गोष्ट कायम एकाच राजाची. जुन्या ब्रिटनमधला तो राजा, ज्याने दगडात रुतलेली तलवार उपसली आणि आपल्या सरदारांना गोल टेबलाभोवती बसवलं, म्हणजे कुणी वर नाही आणि कुणी खाली नाही. बाईंचं टेबलही गोल होतं. जाड केबल गुंडाळायचं मोठं लाकडी रीळ होतं ते, आधीचा भाडेकरू टाकून गेला होता. मुलाला ते कचऱ्यात द्यायचं होतं. बाईंनी ते आडवं करून घेतलं, चहा ओतून पाहिला, हलत नाही अशी खात्री केली आणि म्हणाल्या, "याला हात लावायचा नाही. हे राजाचं आहे."

त्या कुणाचं नाव घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "ती नावं तिकडच्या लोकांनाही धड म्हणता येत नाहीत." राजा, राणी, थोरला सरदार, भाचा. एवढ्यावर त्यांचं भागायचं. आणि राजाचा उल्लेख नेहमी 'आपला राजा' असा.

"आपला कसा बाई? तो गोऱ्यांचा," मी एकदा म्हटलं.

"गोरे येतात का इथे रोज त्याची गोष्ट सांगायला?"

मुलांना मराठी समजायचं, पण ती बोलायची इंग्रजीत. "बाई, डिड ही वेअर जँडल्स?" असं, म्हणजे रबरी चपला घालायचा का, कुणी विचारलं तर बाई गंभीरपणे उत्तर द्यायच्या, "नाही. तिकडे चिखल फार. पाय घसरला असता." तळ्यातून हात वर येतो आणि राजाला दुसरी तलवार देतो, ते तळं बाईंच्या गोष्टीत इथल्या वेस्टर्न स्प्रिंग्ज बागेतल्या तळ्यासारखं होतं, काठाला पुकेको, ते निळे पाणपक्षी, फिरायचे आणि पाण्यात सापासारखे ईल मासे असायचे. राजा जेवायला बसला की ताटात भाकरी असायची. थोरला सरदार तर सरळ सरळ सांगलीकडचा पैलवान होता. घोड्यावर बसताना त्याला दोघांनी वर ढकलायला लागायचं.

एका उन्हाळ्यात बाईंनी मागच्या लॉनमध्ये फावडं रोवलं. पाऊस नव्हता, माती विटेसारखी झाली होती. जो उपसेल तो राजा. मुलं आठवडाभर झटत होती, हात सोलून घेत होती. शेजारची सामोअन मुलगी लोसा तेवढी कधी पुढे आली नाही. मग एक दिवस ती आली, दोन बोटांनी फावडं उचललं आणि बाईंच्या हातात दिलं. आदल्या संध्याकाळी तिने तिथे पाण्याचा पाइप सोडून ठेवला होता. मुलांनी एकच गिल्ला केला. दॅट्स चीटिंग, नॉट फेअर. बाईंनी लोसाला टेबलाजवळ उभं केलं आणि म्हणाल्या, "नशीब काढलं या राज्याने. डोकं असलेला राजा मिळाला." लोसाला मराठी येत नव्हतं, पण टेबलावर हात ठेवून म्हणायचं ते वाक्य तिच्याइतकं स्वच्छ कुणीच म्हणायचं नाही.

शेवटाकडे गोष्ट आली की मात्र बाईंचा आवाज बदलायचा. राणीचा थोरल्या सरदारावर जीव जडतो, त्याचा तिच्यावर. लहान मुलांना बाई "त्यांची फार मैत्री होती" एवढं सांगून पुढे सरकायच्या आणि मोठ्या मुली एकमेकींकडे बघायच्या. मग दरबारातले दोघे जण, त्यात राजाचा भाचा, सगळ्यांसमोर उभे राहतात आणि राजाला ते सांगून टाकतात. त्यानंतर टेबल फुटतं. एकाच ताटात जेवलेले सरदार एकमेकांना मारतात.

"चहाडखोर," बाई म्हणायच्या. "तलवारीने नाही मोडलं ते टेबल. चहाडीने मोडलं."

एकदा एक मुलगा म्हणाला, "बट बाई, दे वर टेलिंग द ट्रुथ."

"खरं असू दे. ज्याचं खरं त्याला सांगू दे की. तुला कुणी बोलावलं होतं मध्ये?"

तो मुलगा बिचारा मागे वळून बघायला लागला, आपण काय केलं म्हणून.

हे वाक्य मी तेव्हा फार मनावर घेतलं होतं. आता माझ्यावर आलेली गोष्ट सांगते.

माझे बाबा दहावीपर्यंत शिकले आहेत. ओटाहुहूच्या एका बेकरीत रात्रपाळी करतात. आई मनुरेवाला वृद्धांच्या एका निवासात साफसफाई करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मी कॉम्प्युटरच्या डिग्रीला प्रवेश घेतला तेव्हा बाबांनी बेकरीतल्या सगळ्यांना क्रीम बन वाटले, बेकरीचेच, पण विकत घेऊन. मी घरी आले आणि ते कामाला निघत असले की दारात बूट घालता घालता विचारायचे, "आज कॉम्प्युटर काय म्हणाला?" मी काहीतरी सांगायचे. त्यांना त्यातलं कळायचं नाही आणि ते मान हलवायचे, कुणी चांगली बातमी सांगितल्यासारखी.

दुसऱ्या वर्षी मला एक जादा विषय घ्यायचा होता. यादीत बाईंचा राजा दिसला. मध्ययुगातल्या दंतकथा, राजा आणि त्याचे सरदार. गंमत म्हणून घेतला. पहिल्या महिन्यातच मला कळून चुकलं की कॉम्प्युटरच्या वर्गात मी नुसती बसते आणि या वर्गात मी असते. मी डिग्री बदलली. बाबांना सांगायचं होतं, पण हातात काहीतरी घेऊन सांगायचं होतं. वर्षअखेरीचा निकाल चांगला लागला की तो त्यांच्यासमोर ठेवायचा आणि मग बोलायचं, असं ठरवलं होतं. तोवर दारातल्या प्रश्नाला मी जुनीच उत्तरं देत राहिले.

फक्त बाईंना सांगितलं. मुलं गेली होती, गॅरेजमध्ये आम्ही दोघीच होतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आपला राजा? युनिव्हर्सिटीत?"

"हो."

"परीक्षेला असतो?"

"असतो बाई."

त्या उठल्या, आत जाऊन बेसनाचे लाडू घेऊन आल्या आणि पूर्ण डबा माझ्यासमोर ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं. "वडिलांना सांगितलंस?"

"निकाल लागला की सांगणार. मी स्वतः सांगणार. तोवर कुणाला बोलू नका."

बाईंनी पदराने टेबल पुसलं आणि हात ठेवला. मीही ठेवला. त्या वेळी मला किती हलकं वाटलं, ते लिहिता येत नाही. आपलं एक गुपित जगातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवून आल्यासारखं वाटलं.

इथल्या मराठी लोकांचा दिवाळीचा कार्यक्रम एका हॉलमध्ये होता. निकालाला थोडे दिवस उरले होते. तुम्ही असे कार्यक्रम पाहिले असतील. नाच, गाणी, मागच्या बाजूला जेवणाची टेबलं, पोरांची पळापळ. बाबा दरवर्षीप्रमाणे वाढायला उभे होते, मसालेभाताच्या मोठ्या पातेल्यामागे. बाईंना मुलांसाठी गोष्ट सांगायला बोलावलं होतं. त्यांनी नवी साडी नेसली होती. माईक हातात आल्यावर पहिल्यांदा थोड्या अडखळल्या, मग राजा सुरू झाला आणि हॉल शांत झाला. तलवार निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई माईक परत द्यायला निघाल्या आणि थांबल्या.

"आणखी एक सांगते," त्या म्हणाल्या. "हा राजा आता आमच्या गॅरेजमधून युनिव्हर्सिटीत पोचला आहे. आमच्या जाधवांची लेक तोच शिकते आहे. कॉम्प्युटर सोडून दिला तिने त्याच्यासाठी. उभी राहा ग."

आणि मी उभी राहिले. का उभी राहिले कुणास ठाऊक. बाईंनी उभं राहा म्हटलं की उभं राहायचं, ही सवय असावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून पाहिलं. बाबांनी डाव हातातून खाली ठेवला होता आणि ते टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवत होते म्हणून तेही वाजवत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्यांनी डाव उचलला आणि रांगेत समोर उभ्या असलेल्या एकीला विचारलं, "अजून भात देऊ?"

 घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मला क्षणभर वाटलं दुसऱ्या कुणा जाधवांची मुलगी." मग ते झोपायला गेले.

रात्री आईने माझ्या केसांतली पिन काढता काढता सांगितलं की तिला आधीपासून माहीत होतं. माझ्या खोलीतली पुस्तकं ती आवरायची. "कॉम्प्युटरच्या पुस्तकात किल्ले आणि घोडे नसतात, एवढं मला कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. आणि त्यांनाही अंदाज असावा. एकदा मला म्हणाले, ही हल्ली कॉम्प्युटरचं बोलते तेव्हा खाली बघते. पण अंदाज असणं वेगळं. आता अख्ख्या हॉलला माहीत आहे आणि त्यांना नव्हतं, असं झालं ना."

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. त्या खुशीत होत्या. "किती टाळ्या पडल्या, पाहिलंस?"

"बाई, तुम्ही हात ठेवला होता."

त्यांना खरंच कळलं नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. नुसतेच ओठ हलवणाऱ्या मुलाकडे बघायच्या तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मग? मी काय तुझी चहाडी केली? चहाडी वाईटाची असते. मी तर कौतुक केलं."

"बाबांना माहीत नव्हतं."

"कळलं ना आता? बरं झालं. तू उगीच घाबरत होतीस."

मी वळले. बाहेर आले. वाटलं, पाठीमागे बोलायचं नाही हे मी ज्या टेबलावर शिकले ते टेबल, ती बाई, तो हात, सगळं खोटं होतं. लबाडीने कुणी फसवलं तर माणूस निदान भांडू तरी शकतो. बाईंनी मला आनंदाने फसवलं होतं. त्यांना माझा इतका अभिमान वाटला होता की त्यांच्या पोटात तो मावला नाही. याचा राग कसा धरायचा ते मला समजत नव्हतं आणि राग तर होताच.

मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. बाईंनी एकदा कोथिंबीरवड्या पाठवल्या. आईने डबा रिकामा परत जाऊ नये म्हणून त्यात पोहे घालून पाठवले. मी वडी खाल्ली नाही.

निकाल चांगला लागला. बाबांसमोर ठेवला. त्यांनी पाहिला, "बरं आहे" म्हणाले आणि परत दिला. शिकू नकोस असं ते कधी म्हणाले नाहीत. फी, बसचं कार्ड, काही थांबलं नाही. फक्त दारात बूट घालताना त्यांनी विचारायचं सोडलं. आता ते बूट घालतात, "येतो" म्हणतात आणि जातात. कधीकधी मी न विचारता सांगते, आज अमुक वाचलं. ते "हं" म्हणतात. ऐकतात, एवढं खरं.

पुढे बाईंच्या मुलाला ब्रिस्बेनला नोकरी लागली. इथले लोक जातातच तिकडे. बाई म्हणाल्या, आता आणखी एक देश माझ्याने होणार नाही, मी तासगावला जाते. निघायच्या आठवड्यात त्यांनी आईला फोन केला. "तिला एकदा पाठवा."

मी गेले. गॅरेज रिकामं झालं होतं, स्वयंपाकघरात खोकी होती. बाई बऱ्याच थकलेल्या दिसल्या. त्यांनी चहा केला. ओट्याला टेकून आम्ही दोघी उभ्याच राहिलो, खुर्च्या विकल्या होत्या.

"तिथे आपल्या राजाबद्दल काय शिकवतात?" त्यांनी विचारलं. "मला सगळं कुठे माहीत आहे. आमच्या वेळी धडा तोकडा होता. बाकीचं मी मनाने जोडलं."

मी त्यांना सांगायला लागले. पहिल्यांदाच मी सांगत होते आणि त्या ऐकत होत्या. कुठून सुरू करायचं ते मी ठरवलं नव्हतं. पण बोलता बोलता मी त्या दोघांवर आले, दरबारात उभं राहून सांगणाऱ्यांवर.

"ते दोघे चहाडखोर," बाई म्हणाल्या.

"हो. पण बाई, त्यांनी राजाला नवीन काही सांगितलं नव्हतं. त्याच्या मनात ते आधीपासून होतं. त्याचं दोघांवर प्रेम होतं, म्हणून तो बोलत नव्हता. कुणी बोललं नव्हतं तोवर त्यालाही बोलायला लागत नव्हतं. सगळ्यांसमोर सांगितल्यावर त्याला गप्प बसायची सोय राहिली नाही."

बाईंनी कप खाली ठेवला.

"आणि त्यातल्या एकाला तर वाटत होतं," मी म्हटलं, "की आपण राजाचं भलंच करतोय."

खिडकीबाहेर कुणाचं तरी लॉन कापायचं मशीन चालू होतं. ते बंद झाल्यावर बाईंनी विचारलं.

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"हो."

"आणि वडिलांना?"

"अंदाज होता."

बाईंनी मान हलवली. मग अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारख्या, म्हणाल्या, "मग चहाडखोर मीच की ग."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. त्यांचं वय, ते सामान, परवाचं विमान, सगळं समोर होतं. नाही हो बाई, असं कसं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही. माझ्या हातातला कप त्यांनी घेतला आणि "उशीर होतो आहे तुला," म्हणाल्या.

एरवी त्या फाटकापर्यंत यायच्या. त्या दिवशी आल्या नाहीत. रस्त्यावर आल्यावर मी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या नळासमोर उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून, आणि ते दोन कप धूत होत्या. धुतलेला कप उजेडाकडे धरून बघायच्या आणि पुन्हा नळाखाली धरायच्या.